मुक्या लाकडाची जोडी

म्हस्कूआप्पा,

तुम्हांला जाऊन आज सोळा दिवस झाले. माझ्या देवघराच्या खोलीत तुम्ही करून दिलेले दोन स्टँड उभे आहेत, त्यांवर दोन स्पीकर आहेत, आणि गेले सहा दिवस मी त्या खोलीत केवळ सकाळ-संध्याकाळ दिवा लावण्यापुरता जातो. दिवा लावताना पाठ स्टँडांकडे होते आणि पाठीला ते जाणवते. काल वात दोनदा विझली. खिडकी उघडी होती, वारा होता, हे सर्व मी पाहिले. तरी तिसऱ्यांदा काडी ओढण्याआधी थांबून मागे वळून बघितले. सत्तरी ओलांडलेला, नित्य संध्या करणारा माणूस मी, घरातल्या लाकडाला भितो आहे. हे सांगता आले असते असे तुम्ही एकटेच होतात. आणि जे मुख्य सांगायचे होते ते मी तुमच्यापासूनच लपवले.

आपण दौंडला शेजारी होतो. मी तिथल्या शाळेत संस्कृत शिकवीत असे, तुम्ही रेल्वेत सुतारकामावर होतात. तुमचे घराणे मेंढरे राखणारे. वडिलांनी राहू गावी जमीन धरली आणि तुम्ही हाती रंधा धरलात. मालगाडी गेली की आपल्या दोन खोल्यांमधली भिंत थरथरे, आणि तुमच्या फळीवरची भांडी आमच्या घरात ऐकू येत. पुढे दोघेही निवृत्त झालो. मी शिरूरला माझ्या घरी आलो, तुम्ही राहूला गेलात. तरी महिन्यातून एकदा एसटीने येत असा. पिशवीत भाजी, कानावर पेन्सिल.

नव्वदीचे दशक संपत आले होते तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला एक कॅसेट डेक आणि दोन स्पीकर भेट दिले. माझ्या गुरूंनी उतारवयात केलेल्या वेदपाठाच्या कॅसेटी माझ्यापाशी होत्या, आणि छोट्या टेपरेकॉर्डरवर त्या नीट ऐकू येत नसत. वेदपाठात स्वर चढतो, उतरतो. उतरलेला स्वर कानाने चुकवला की जीभही चुकवते, आणि जिभेने चुकवला की मंत्र दुखावतो, असे आम्हांला बालपणी शिकवलेले. नव्या स्पीकरांवर नेमका तोच उतरलेला स्वर घुमे. गुरू विहिरीतून बोलत आहेत असे वाटे. मी स्पीकर लोखंडी कपाटावर ठेवले होते. तुम्ही आलात, थोडे ऐकलेत, उठून कपाटाच्या दारावर पंजा ठेवलात.

"गुरुजी, तुमचे गुरू म्हनत्यात कमी आन् ह्ये कपाट म्हनतंय जास्त."

तिथून आपला तो दीर्घ उद्योग सुरू झाला. मी त्याला गुरूंचे आसन म्हणू लागलो. तुम्ही म्हणत असा स्टँड, आणि चिडलात की ठोकळा.

पहिली फळी भिंतीत ठोकलीत. सागवानी, दीड इंच जाड. मग माझ्या पत्नीकडून, जिला तुम्ही माई म्हणत असा, एक स्टीलची वाटी मागून घेतलीत, काठोकाठ पाण्याने भरून फळीवर ठेवलीत आणि आम्हां दोघांना समोर बसवलेत. नगरच्या बाजूला एक ट्रक गेला. पाण्यावर वर्तुळ उठले आणि काठाला लागून फुटले.

"बगा. रस्त्यानं भिंतीला सांगितलं, भिंतीनं फळीला, फळीनं तुमच्या गुरूंना. आता ते पाठ म्हनतील का रस्त्याचं गाऱ्हानं ऐकतील?"

फळी निघाली. मग शिरूरच्या एका वेल्डरकडून लोखंडी पाइपाचे स्टँड करून आणलेत. टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखे वाजले. पाइपात भरायला तुम्ही घोड नदीची वाळू आणलीत, पत्र्यावर पसरून दोन दिवस उन्हात वाळवलीत, तरी हाताला ओल लागते म्हणून माईची कढई मागून भाजायला बसलात. ओली वाळू आतून लोखंड खाते, असे तुमचे म्हणणे.

माई दारातून म्हणाली, "आप्पा, फोडणी देऊ का?"

"द्या की. आन् गुरुजींना वाढा. म्होरं पोथी असली म्हंजी त्यांना चव कुठं कळतीया."

वाळू भरल्यावर पाइप गप्प झाले, पण वरची पत्र्याची तबकडी गुणगुणत राहिली. कडप्प्याच्या लादीवर पाणी हलेना, मात्र आवाज कोरडा झाला. गुरू रागावून बोलत आहेत असे वाटे, आणि मला लहानपणची छडी आठवे. प्लायवूडची पेटी तुम्ही स्वतःच उलटी करून बुडावर थाप मारलीत आणि "डबा हाय ह्यो," म्हणून परत नेलीत. या सगळ्यात दीड-दोन वर्षे गेली. आपल्याला घाई कोणाला होती?

एका वस्तूवर मात्र आपले पहिल्या दिवसापासून एकमत होते. तुम्ही स्टँडाखाली घालायला घरची जुनी घोंगडी कापून आणलीत. लोकर दाबली तरी परत उठते, हादरा पिऊन टाकते, असे तुम्ही सांगत होतात. मी म्हणालो, आम्हीही जपाला लोकरीच्या आसनावर बसतो, जपाची शक्ती भूमीत झिरपू नये म्हणून. तुम्ही हातातली कात्री खाली ठेवलीत. "म्हंजी आमच्या म्हाताऱ्यांना ह्ये आधीच ठाव हुतं तर. रानात घोंगडीवर बसून काय उगं बसत न्हवते." त्या दिवशी आपण दोघेही फार प्रसन्न होतो. तुमच्या पूर्वजांची लोकर आणि माझ्या पूर्वजांचे आसन एकाच ठिकाणी येऊन बसले, याचा मला झालेला आनंद मी तुम्हांला पुरता बोलून दाखवला नाही. असे कितीतरी राहिले.

आणि मग लिंब आला.

तुमच्या शेताच्या बांधावरच्या कडुलिंबावर वीज पडली होती. एक अंग जळाले. उरलेले झाड पाच-सहा वर्षे उभ्या-उभ्या वाळत गेले. त्याचा हातभर तुकडा तुम्ही पिशवीतून आणलात आणि माझ्यासमोर बोटाच्या पेराने ठोकलात. आवाज आला तसा जागीच बसला.

"मुकं हाय, गुरुजी. ढोलकीला गानारं लाकूड पायजे, ह्येला मुकं पायजे. जे सोता बोलतंय ते दुसऱ्याला काय बोलू दील? आन् उभं वाळलंय, ताण न्हाई. किडा लागत न्हाई. दोन सालं हुडकत हुतो, ते माझ्याच बांधावर हुतं."

मी विचारले, झाड कशाने वाळले. तुम्ही भाबडेपणाने सांगितलेत. मी म्हणालो, वीज पडलेले झाड, स्मशानातले झाड, पाखरांनी घर केलेले झाड, हे आसनाला आणि शय्येला वर्ज्य आहे. ग्रंथात स्पष्ट आहे.

"आसनावं मानूस बसतो. हितं डबा बसतोय."

"त्या डब्यातून माझे गुरू बोलतात, आप्पा."

"मग तर बरंच की. वीज बी वरनंच आलीया."

स्वयंपाकघरात माई हसली. तिचे हसू मला लागले. दोन वर्षे प्रत्येक पदार्थावर तुम्ही मला हरवले होते. लोखंड, दगड, सागवान, सगळीकडे तुमचा पंजा खरा आणि माझे पांडित्य खोटे ठरले होते. ग्रंथ हे एकच अंगण माझे उरले होते, आणि तिथेही तुम्ही सहज चालत आलात. मी आवाज खाली आणला. पूजेत संकल्प सांगताना आणतो तसा. म्हणालो, "आप्पा, असे लाकूड ज्या घरात येते त्या घरातले माणूस जाते. आणि त्याचा दोष आणणाऱ्याकडे जातो."

तुम्ही तुकडा उचललात, धोतराच्या सोग्याने पुसलात. "ऱ्हायलं मग," एवढेच म्हणून पिशवीत घातलात.

त्याच संध्याकाळी मी ग्रंथ काढला. आता तेही लिहितो. निषेध तिथे होता. असे लाकूड वापरणाऱ्यावर येणाऱ्या अनर्थांचाही उल्लेख होता, आणि तो मी मानतो. परंतु तो त्या शय्येवर निजणाऱ्याला होता, त्या आसनावर बसणाऱ्याला होता. ध्वनीच्या पेटीखालच्या ठोकळ्याला नव्हता. नुसते लाकूड घरात आले म्हणून घरातले माणूस जाते, आणि त्याचा दोष आणणाऱ्याकडे जातो, हे शब्द कुठेच नव्हते. ते माझे होते. वादात हरू नये म्हणून ऋषींच्या तोंडी मी माझे शब्द घातले होते. आयुष्यात एकच गोष्ट मी कटाक्षाने पाळली होती, की जे लिहिलेले नाही ते लिहिलेले आहे असे म्हणायचे नाही. आणि ती मी एका ठोकळ्यापायी मोडली.

पुढच्या भेटीत सांगू, असे ठरवले. पुढच्या भेटीत तुम्ही भोपळा आणि गवार घेऊन आलात, पावसाच्या गोष्टी निघाल्या, राहिले. त्याच्या पुढच्या भेटीतही राहिले. आणि मग तुम्ही जोडी घेऊनच आलात. गडद तपकिरी पॉलिश, कडा मऊ, तळाला घोंगडीचे चौकोन शिवल्यासारखे बसवलेले. मी विचारले, लाकूड कोणते. तुम्ही खाली वाकून घोंगडीचा कोपरा सारखा करीत म्हणालात, "रेल्वेच्या जुन्या डब्याचं सागवान. लिलावात निगालं हुतं."

आपण गुरूंची कॅसेट लावली. आप्पा, त्या दिवशी मला माझे गुरू पुन्हा भेटले. उतरलेला स्वर उतरला आणि जिथे थांबायचा तिथे थांबला. श्वास घेण्याआधी ते ओठ मिटत, तो लहानसा आवाज मी त्यांच्या पायाशी बसून ऐकलेला होता, तोही आला. ट्रक गेला, वाटीतले पाणी हलले नाही. मी डोळे पुसले आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. मला वाटले, माझा संकोच होऊ नये म्हणून. आता वाटते, सत्य तुमच्या ओठांवर आले असेल आणि माझा आनंद मोडवेना म्हणून तुम्ही ते गिळले असेल. तुम्ही मला उत्तम ते दिलेत, आणि मला उत्तम ते घेता यावे म्हणून खोटे बोललात. माझे वाक्य मध्ये नसते तर तुम्हांला खोटे बोलावेच लागले नसते.

वर्षभराने माई गेली. तिला साखरेचा विकार फार वर्षांचा. शेवटी मूत्रपिंडे थकली. डॉक्टरांनी ते आधीच सांगितले होते, माझ्या मनाची तयारी होती. तुमची नव्हती. तुम्ही आलात ते उंबऱ्यातच बसलात. आत बोलावले तरी येईनात. आलात तेव्हा फोटोकडे पाहिले नाहीत, स्टँडांकडे पाहिलेत.

"गुरुजी, ती जोडी मला माघारी द्या. दुसरी करून आनतो."

"का? काय झाले तिला?"

"पॉलिश बरुबर न्हाई बसलं."

मी म्हणालो, आप्पा, माई त्याच जोडीवर शेवटपर्यंत ऐकत होती, आता ती हलवू नका. तुमचा चेहरा त्या वेळी कसा झाला, ते मी पाहिले आणि शोक समजलो. त्यानंतर दोनदा तुम्ही तेच मागितलेत आणि मी दोनदा हसून नाही म्हणालो. कारागिराचा हट्ट, असे मी शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत असे. एकदा लादी पुसताना स्टँडाच्या तळाशी मला पिवळी बोटे उमटलेली दिसली. तुमच्या बिरोबाच्या भंडाऱ्याची हळद. तुम्ही माझ्या नकळत लावला होता. मी ती बोटे पुसली नाहीत, पण विचारलेही नाही. माझ्या गुरूंच्या आसनाला तुम्ही तुमच्या देवाचा भंडारा लावता, याचे मला गहिवरून आले होते. भीतीची खूण समोर होती आणि मी तिला भक्ती म्हणून वाचले. चाळीस वर्षे मुलांना अर्थ लावायला शिकवणारा मी.

तुम्ही गेलात ते दुपारी, जेवून, राहूच्या घरी. तुम्ही स्वतःसाठीही तशीच एक जोडी केली होती. तिच्यासमोर बसून धनगरी ओव्यांची कॅसेट ऐकत होतात. ठकूवहिनी भांडी आवरून आत आल्या तेव्हा कॅसेट संपून बटण वर आले होते, आणि तुम्ही तसेच बसलेले. तुमचे हृदय थकले आहे, हे दौंडच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी सांगितले होते म्हणे. हेही तुम्ही मला सांगितले नव्हते.

दहाव्याला मी नदीवर आलो. विधी उरकले, लोक पांगू लागले, तेव्हा ठकूवहिनी पदर तोंडाशी धरून माझ्याजवळ आल्या.

"गुरुजी, घरची जोडी मी जाळनार हाय. तुमची बी जाळा."

"कुठली जोडी, वहिनी?"

"ठोकळ्यांची. लिंबाची."

तुमचा बापू शेजारी उभा होता, डोके भादरलेला, ओल्या धोतरात. तो हळूच म्हणाला, "आई, गुरुजींना ठाव न्हाई."

मग त्याने सांगितले. दोन्ही जोड्या एकाच झाडाच्या. बांधावरच्या, वीज पडलेल्या. तुम्ही सहा महिने राहूच्या पडवीत घासत होतात. आणि वहिनी म्हणाल्या, "तुमीच सांगितलं हुतं न्हवं? घरातलं मानूस जातं म्हनून. तुमच्या माई गेल्या. आता ह्ये गेले. आता माझ्या घरात ह्यो एकटा हाय, रोज गाडीवरनं कारखान्यात जातोय. आन् ह्येला ती जोडी पायजे."

बापू म्हणाला, "आप्पांच्या हातचं दुसरं काय हाय माझ्याकडं?"

मी 'तेराव्याला येतो, मग बघू,' असे काहीतरी पुटपुटलो आणि एसटीत बसलो. तेव्हापासून हे भय माझ्या अंगात आहे. ते कशाचे, हे मी तीन दिवस स्वतःला विचारीत राहिलो. लाकडाचे होतेच, ग्रंथात अनर्थ सांगितला आहे, आणि ग्रंथ मी सोडू शकत नाही. माई गेली, तुम्ही गेलात, ही दोन माणसे एका ओळीत उभी राहून माझ्याकडे पाहात होती. पण त्याखाली आणखी एक भय होते. बापूला ती जोडी ने म्हणालो आणि उद्या रस्त्यात त्याला काही झाले, तर? आणि जाळा म्हणालो, तर माझे खोटे वाक्य तुमच्या चितेनंतर पुन्हा एकदा खरे ठरले. ठकूवहिनी मरेपर्यंत मानतील की त्यांच्या नवऱ्याला त्याच्या हातच्या लाकडाने नेले, आणि माईला नेण्याचा दोषही त्याच्याच माथी. हा विचार आला की माझे संध्येचे मंत्र मध्येच तुटत.

तेराव्याला चौफुल्याला उतरून जीपने राहूला आलो. जेवणे झाली, पाहुणे गेले. अंगणात सरपणाच्या ढिगाला टेकवून तुमची जोडी ठेवलेली होती. ऊन तिच्यावर पडले होते, आणि मी इतक्या भीतीतही पाहिले, की एकही सांधा दिसत नव्हता.

ठकूवहिनी म्हणाल्या, "गुरुजी, जाळू नगा म्हनत असाल तर शांत करा. काय लागंल ते आनते. तुमी पोथी वाचली म्हंजी माझा जीव ठिकान्याव येईल."

आप्पा, मार्ग सोपा होता. शांतिपाठ मला मुखोद्गत आहे. तासाभराचे काम. त्यांचे भय उतरले असते, बापूला जोडी मिळाली असती, माझा मान राहिला असता. आणि तुमच्यावरचा दोष मंत्रांनी शिक्का मारून कायम झाला असता. मी हात जोडले. त्यांनाच जोडले. म्हणालो, "वहिनी, घरातले माणूस जाते, हे वाक्य पोथीतले नाही. ते माझे आहे. आप्पांपुढे हरू नये म्हणून मी बोललो."

त्यांना ते लगेच कळले नाही. "म्हंजी?"

"म्हणजे मी खोटे बोललो."

"आन् ह्यांना कवा सांगितलंत तसं?"

"नाही सांगितले."

त्यांनी अंगणातल्या जोडीकडे पाहिले. मग फार सावकाश बोलल्या. "तीन सालं. दर आमुशाला बिरोबाला जाऊन नारळ फोडायचे. मी इचारायची, तुमाला झालंय काय. तर म्हनायचे, गुरुजींच्या घरासाठी हाय. तिथं मी लाकूड न्हेलंय."

"स्वतःसाठी नाही?"

"सोतासाठी कशाला? मला काय व्हतंय, म्हनायचे. माझ्या हातनं माई गेल्या, आता गुरुजींना काय होऊ नये."

 बापू भिंतीला टेकून उभा होता. माझ्या एका वाक्याला तुम्ही तीन वर्षे, दर अमावास्येला, चालत उत्तर देत होतात, आणि मी इकडे त्याच लाकडावरून वेद ऐकत होतो.

"तुमी शिकल्याली मानसं," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. "आमी तुमचं बोलनं घरात न्हेऊन ठेवतो. तुमी इसरून जाता." मग विचारले, "आता तरी खरं सांगा. लाकडात काय हाय का न्हाई?"

"मला ठाऊक नाही, वहिनी. मीही भ्यालो आहे. पण आप्पांचा दोष नाही, एवढे मी देवासमोर सांगेन."

"मग दोन भ्याल्याली मानसं बसून काय ठरवनार?" त्या उठल्या. "बापू, तू काय म्हंतोस?"

"आई, आप्पांनी सहा म्हैनं घासलंय ते. मी न्हेतो."

वहिनी आत गेल्या, घोंगडी घेऊन आल्या आणि स्वतःच्या हाताने जोडीला गुंडाळू लागल्या.  "न्हे. पन पोचल्याव गुरुजींना फोन कर, आपल्यात फोन न्हाई." आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांचं भ्याव आता तुमी वागवा, गुरुजी. मला झेपायचं न्हाई."

मी होय म्हणालो.

बापूने जोडी मोटरसायकलच्या मागे दोरीने आवळली. राहू ते कारखान्याजवळची कारेगावातली त्याची खोली, आणि शेवटी पुणे-नगर रस्त्याचे ते ट्रक. मी शिरूरला परतलो आणि फोनसमोर पाट मांडून बसलो. जप चालेना. प्रत्येक ट्रकचा हॉर्न माझ्या छातीतून गेला. सात वाजून गेल्यावर फोन आला.

"पोचलो, गुरुजी. मांडली जोडी. खाली घोंगडी घातलीय. आप्पांचीच कॅसेट लावलीया, ऐकू येतंय का?"

फोनमधून काहीतरी लांबचे, बारीक ऐकू आले. मी म्हणालो, येते आहे. मग म्हणालो, उद्या शिफ्ट सुटल्यावर पुन्हा फोन कर. का, ते त्याने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी केला. काल केला. काल म्हणाला, "गुरुजी, कारखान्यातला एक दोस्त ऐकून गेला. इचारत हुता, लाकूड कंचं?"

"मग काय सांगितलेस?"

"लिंबाचं म्हनालो. वीज पडल्यालं. आमच्या आप्पांनी केल्यालं."

आज त्याची पहिली शिफ्ट आहे. ती साडेतीनला सुटते. आता चार वाजायला दहा मिनिटे कमी आहेत. लेखणी ठेवतो आणि फोनजवळ जाऊन बसतो, आप्पा. तुम्ही माझ्या घरासाठी तीन वर्षे हे भय वागवलेत. माझा हा चौथाच दिवस आहे.